तेराचा पाढा

"तुम्ही लोक महाराज का?" हरिलालने विचारलं. आमच्या बोटीवर सुकाणूपाशी बसायची जी उघडी जागा असते, तिथे तो चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. समोर त्रिनिदादचे हिरवे डोंगर होते, खाली संथ खाडी होती, आणि आमचे हे डोलकाठीला आरसा टांगून दाढी करत होते.

त्या बेटावर ब्राह्मण घराण्याला महाराज म्हणतात, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं. मला वाटलं, हे हसून विषय सोडून देतील. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा यांचा जन्माचा गुण.

"म्हणजे काय, अस्सल," हे म्हणाले. "देवरुखचे आठल्ये. आमच्या पणजोबांच्या शापाला अख्खी पंचक्रोशी भ्यायची."

हरिलालने कप खाली ठेवला आणि उठून उभाच राहिला. मग हळूहळू, अडखळत, तिथल्या सगळ्यांसारखं इंग्रजीतच त्याने सांगितलं ते असं. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. रात्र रात्र डोळा लागत नव्हता, आणि मिटला की दचकून उठत. दिवाळीला त्यांच्या गावचे पंडित दहा घरं करून येणार, त्यांना मध्यरात्रीआधी येणं शक्य नव्हतं. आणि म्हातारबाबांचं एकच मागणं होतं. त्यांचा बाप कलकत्त्याहून उसाच्या कामाला करारावर आला होता, परत जाईन म्हणत म्हणत इथेच मेला. तेव्हा एकदा तरी, पाण्यापलीकडून आलेल्या माणसाच्या तोंडून पूजा ऐकावी आणि मग काय व्हायचं ते होवो.

"तुम्ही याल, महाराज?" तो म्हणाला. आत्तापर्यंत तो यांना कॅप्टन म्हणत असे.

"येऊ की," हे म्हणाले आणि उरलेली अर्धी दाढी करायला लागले.

यांना ओळखणाऱ्या कुणालाही हे ऐकून हसूच आलं असतं. जहाजावर चीफ इंजिनिअर म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. मुंजीनंतर जानवं कधी तुटलं तेसुद्धा यांना आठवत नाही. निवृत्त झाल्यावर मुंबईतली जागा विकून आम्ही ही शिडाची बोट घेतली, तिचं नाव 'शिंपली' ठेवलं, आणि कॅरिबियन बेटांतून हिंडत होतो. वादळांच्या मोसमात सगळ्या बोटी दक्षिणेला त्रिनिदादकडे येऊन थांबतात, तशा आम्हीही थांबलो होतो. हरिलाल मासेमारीच्या होडीतून आम्हा नांगरलेल्या लोकांना पाणी, भाजी, बर्फ आणून देत असे. पण आमच्याकडे तो तेवढ्यापुरता कधी आला नाही. भारतातून आलेत म्हटल्यावर त्याने आम्हाला घरचंच मानलं. आपल्या मोडक्या गाडीतून त्याने आम्हाला बेटभर फिरवलं. डांबराचं तळं दाखवलं, त्यावर हे चक्क चालून आले. खारफुटीच्या दलदलीत संध्याकाळी घरट्याकडे परतणारे लालभडक पक्षी दाखवले. झाडं पेटल्यासारखी दिसायला लागली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हे म्हणाले, "कुंदा, तुझ्या लग्नातल्या शालूचा रंग असाच होता, फक्त तो पहिल्या धुण्यात गेला."

मला भाऊ नाही. एकदा बोलता बोलता मी हरिलालला भाऊबीजेबद्दल सांगितलं. त्यांच्याकडे ती रीत कुठेतरी समुद्रात राहून गेली होती. तो मन लावून ऐकत राहिला आणि म्हणाला, "मग यंदा मला ओवाळा, दीदी." मी हो म्हटलं. खरंच सांगते, पुढचे कितीतरी दिवस त्या एका गोष्टीने मी हरखून गेले होते. साठीला आलेल्या बाईला भाऊ मिळाला होता.

तर तो गेल्यावर मी यांच्यासमोर जाऊन बसले.

"अहो, तुम्हाला येतं काय?"

"गणपतीचा एक श्लोक येतो. दिवेलागणीचा येतो. जेवणाआधीचा येतो."

"ते झालं दोन मिनिटांत. त्यांच्याकडे पूजा तासभर चालते."

"मग हळू म्हणेन."

"सरळ सांगा ना त्याला, की मला येत नाही म्हणून. राग नाही धरणार तो."

"अगं, म्हाताऱ्याला बरं वाटेल," हे म्हणाले. मग ते आरशाकडे वळून म्हणाले, "आणि त्यांना काय कळतंय?"

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. पण मी उठून कप विसळायला घेतले.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी यांनी शीड शिवायच्या मेणाच्या दोऱ्याचं जानवं वळलं. माझी पांढरी चादर धोतरासारखी नेसले. कपाळाला गंध म्हणून हळद लावली. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, दुसरं काय. असा हा महाराज किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीत, डिंगीत बसून, धोतर भिजू नये म्हणून गुडघ्यापर्यंत वर धरून, किनाऱ्याला लागला.

हरिलालच्या अंगणात बांबू चिरून त्यांच्या कमानी केल्या होत्या आणि कमानींवर पणत्या ओळीने जळत होत्या. म्हातारबाबांची खाट ओसरीवर आणली होती. माणूस म्हणजे नुसती हाडं राहिली होती. हरिलालची आई दुलारी डोक्यावरून ओढणी घेऊन खाटेशी बसली होती. शेजारपाजारचे लोक आले होते, बायका, लेकरं, सगळी अंघोळ करून, उपास धरून. मला दुलारीशेजारी बसवलं आणि आरतीचं ताट माझ्या हातात दिलं.

हे बसले, आणि सुरुवात तरी बरी केली. गणपतीचा श्लोक झाला. दिवेलागणीचा झाला. जेवणाआधीचा तर इतका लांबवला, की मला तो ओळखूच येईना. मग थांबले. लोकांनी वर पाहिलं. म्हातारबाबांनी हात पुढे करून यांच्या चादरीचं टोक मुठीत धरलं होतं. हे माझ्याकडे बघत होते. ती नजर मी जन्मात विसरणार नाही, कारण तिच्यात घाबरलेपण होतं आणि पाठोपाठ मिश्कीलपणा आला.

आणि मग खर्जातल्या आवाजात, वर खाली हेल काढत, हे म्हणू लागले:

"बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकते आहे. पण नाही. बेचा झाला, तीनचा झाला, आणि हे रंगत गेले. देवरुखच्या शाळेत घोकलेले पाढे, गुरुजींची छडी पाठीवर घेऊन पक्के झालेले, ते एकामागून एक घंटेच्या नादासारखे बाहेर यायला लागले. तेराच्या पाढ्याला तर यांनी डोळेच मिटले. "तेरा साते एक्याण्णव, तेरा आठे चारोदरसे, तेरा नवे सतरोदरसे, तेरा दाहे तिसासे." शेवटच्या आकड्याला हात उंचावून पळीभर पाणी सोडलं.

चाळीसेक माणसं हात जोडून बसली होती. दुलारी रडत होती. म्हातारबाबांचे ओठ हलत होते, यांच्या मागोमाग काही धरता येतंय का ते पाहत होते. आणि त्या सगळ्यांत मराठी कळणारी एकटी मी. माझे कान तापले, मान वर होईना. धरणी दुभंगली असती तर मी ताटासकट आत गेले असते. हसताही येत नव्हतं आणि उठून "थांबा" म्हणायची छातीही होत नव्हती. ताटातल्या निरांजनाकडे बघत राहिले. शेवटी दुलारीने येऊन यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि यांनी आशीर्वादाला हात वर केला.

परतताना डिंगीत मी मागच्या पणत्यांकडे बघत बसले. यांनी दोनदा काहीतरी विनोद केला. बोटीवर चढल्यावर मी म्हटलं, "झालं ते झालं. पण ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. शपथ घ्या."

"कुणाला सांगणार मी?" हे म्हणाले. शपथ घेतली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

भाऊबीजेच्या दिवशी मी सकाळपासून खपत होते. बोटीवरच्या त्या वीतभर ओट्यावर शंकरपाळे तळले, चिवडा केला, नारळाच्या वड्या थापल्या. शेजारच्या बोटींवरच्या लोकांना फराळाला बोलावलं होतं, एक डच जोडपं आणि एकटाच हिंडणारा एक कॅनेडियन म्हातारा. चार वाजता हरिलाल यायचा होता. तबकात सुपारी, अंगठी, कुंकू, अक्षता, सगळं मांडून ठेवलं. पाटाच्या जागी उशी ठेवली आणि तिच्यावर माझी पैठणी पसरली.

पाहुणे आले, फराळ आवडला, गप्पा रंगल्या. डच बाईने विचारलं, इथली दिवाळी कशी वाटली? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "अहो, मी तर इथे पुरोहित झालो."

मी यांच्याकडे रोखून पाहिलं. पण समोर श्रोते असले की या माणसाला बायको दिसत नाही. जानवं कसं वळलं ते सांगून झालं. चादर सांगून झाली. मग खांद्यावर टॉवेल टाकून, मांडी घालून, हेल काढत तेराचा पाढा सुरू झाला. कॅनेडियन म्हातारा हसून हसून खोकायला लागला. डच बाई डोळे पुसत माझ्याकडे वळली. "खरंच हे आकडे आहेत? सांग ना, काय म्हणतोय तो?"

आता मी काय करायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. पण सगळे हसत होते, आणि खरं सांगायचं तर यांचा तो आव बघून दोन दिवस दाबून धरलेलं हसू माझ्याही तोंडून फुटलं. मी यांच्या एकेका ओळीमागे इंग्रजीत सांगत गेले. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. ते हात जोडून बसले होते, हो, सगळे. हो, म्हातारबाबा रडत होते.

तेवढ्यात डच माणूस हसायचा थांबला. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

बोटीच्या मागच्या कडेला हरिलालची होडी लागलेली होती. इंजिन बंद होतं. तिचा दोर आमच्या कठड्याला बांधून, गाठ मारून झालेली होती, म्हणजे तो नुकता आला नव्हता. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. केसांना तेल लावून भांग पाडला होता. मांडीवर फडक्यात बांधलेला मिठाईचा डबा होता. भावासारखा आला होता तो.

पाण्यावर आवाज किती लांब जातो, ते बोटीवर राहणाऱ्यांना सांगावं लागत नाही.

"मी आत्ताच आलो," हरिलाल म्हणाला.

त्याने आमची लाज राखली. तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवी दिली असती, डबा पाण्यात भिरकावला असता, तर मी पाय धरून मोकळी झाले असते. त्याने डबा उचलून माझ्या हातात दिला. मी "ये, वर ये" म्हटलं, पण माझा आवाज मलाच परका वाटला.

"आज नको, दीदी." मग तो यांच्याकडे वळला. "बाबांना परवा झोप लागली. पहाटेपर्यंत झोपले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. काल पुन्हा नाही. सकाळपासून विचारतायत, महाराज परत येतील का."

पाहुणे एकेक करून उठले. जाताना कुणाशी डोळे भिडवायची कुणाची तयारी नव्हती. तबक तसंच राहिलं.

हे आत गेले. मी मागोमाग गेले तर हे बिछान्याच्या कडेला बसून त्या मेणाच्या दोऱ्याकडे बघत होते.

"मी नाही जात, कुंदा. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"याच तोंडाने," मी म्हटलं. "उठा." मला यांचा राग आला होता, पण त्याहून स्वतःचा आला होता, म्हणून मी जास्तच कठोर बोलले.

यांनी पुन्हा ती चादर नेसली, जानवं घातलं, आणि वाट बघत थांबलेल्या हरिलालच्याच होडीत आम्ही बसलो. खाडीच्या मध्यावर आल्यावर यांनी बोलायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत यांना शब्द शोधताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हरिलाल, मला पूजा येत नाही. ब्राह्मणाच्या घरात जन्मलो, एवढंच. मी तुझ्या वडिलांची..."

हरिलाल सुकाणू धरून समोर बघत होता. "बाबांना काही सांगू नका," तो म्हणाला.

"मग आज मी फक्त ते श्लोक म्हणतो. ते खरे आहेत. तेच पुन्हा पुन्हा म्हणतो."

"नको. त्यांना ते लांबलचक हवंय. त्यातले शब्द त्यांच्या लक्षात राहिलेत. रात्री म्हणायचा प्रयत्न करत होते." त्याने होडी किनाऱ्याकडे वळवली. मग तो म्हणाला, "मी आईलाही सांगणार नाही."

माझ्याशी तो वाटेत एक अक्षर बोलला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत बसले होते. सदऱ्याची इस्त्री अजून मोडलेली नव्हती.

घरात यावेळी कुणी जमलेलं नव्हतं. ओसरीवर म्हातारबाबा, उशाशी दुलारी. यांना बघताच म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते बघून मी मान फिरवली. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं आणि तुटक शब्दांत त्याची कानउघाडणी केली. परवा चूक झाली, म्हणाले. महाराज इतक्या लांबून समुद्र ओलांडून आले, आणि या घरात त्यांचे पाय कुणी धुतले नाहीत. म्हणून झोप टिकली नाही. माझा बाप मला सांगून गेला होता, मी विसरलो, तू तरी आठवण ठेवायचीस.

"राहू द्या, बाबा," हे घाईघाईने म्हणाले. "त्याची काही गरज नाही. खरंच नाही." आणि पाय धोतरात ओढून घ्यायला लागले.

"गरज आहे," म्हातारबाबा म्हणाले.

हरिलालने आत जाऊन पितळेचं ताट आणलं, लोटा आणला. यांच्यासमोर तो गुडघ्यावर बसला. यांचे पाय त्याने स्वतःच्या हातांनी ताटात घेतले. पाणी ओतत, टाचा, बोटं, बोटांच्या मधल्या फटी, घाई न करता सगळं नीट धुतलं. त्याचा बाप उशीवरून मान उचलून बघत होता, की मुलगा काही चुकवत तर नाही ना. हरिलालने काही चुकवलं नाही. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. आमचे हे वर आढ्याकडे बघत होते आणि यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. दुलारीला वाटलं असणार, भक्तीचं आहे. तिनेही ओढणीने डोळे पुसले.

पाय पुसून झाले. मला वाटलं, संपलं. पण म्हातारबाबांनी बोटाने ताटाकडे खूण केली.

हरिलाल क्षणभर थांबला. आत येताना त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं. रागाने नाही, कशानेच नाही. मग त्याने ताटातल्या पाण्यात ओंजळ बुडवली, ओठांना लावली आणि प्यायला. उरलेलं दोन्ही डोळ्यांना लावलं, डोक्यावर शिंपडलं. म्हातारबाबांनी समाधानाने मान उशीवर टेकवली आणि चाचपडत यांच्या चादरीचं टोक धरलं.

"म्हणा, महाराज," हरिलाल म्हणाला. "ते ऐकतायत."

यांच्या तोंडून शब्द फुटेना. म्हातारबाबांनी मिटलेले डोळे उघडले. ते यांच्याकडे बघायला लागले, मग मुलाकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत हळूहळू भीती यायला लागली होती.

तेव्हा मी पुढे सरकले. खाटेपाशी जमिनीवर मांडी घातली, हात जोडले, आणि दुपारी जे हसत हसत परक्यांना समजावून सांगितलं होतं ते, जमेल तेवढ्या स्वच्छ आवाजात, सुरुवातीपासून म्हणू लागले. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तिसऱ्या ओळीला यांचा आवाज येऊन मिळाला. आम्ही दोघं म्हणत राहिलो, आणि म्हातारबाबा झोपले तरी हरिलालने आम्हाला थांबा म्हटलं नाही.